मध्ययुगीन इंग्लंड कसं वाचावं : सनावळी आणि साहित्य एकाच वहीत

एम.ए. इंग्रजीच्या किंवा नेट-सेटच्या अभ्यासात मध्ययुगीन इंग्लंड बहुतेकांच्या वाट्याला दोन तुकड्यांत येतं. एका वहीत राजे, लढाया आणि सनावळी असते, दुसऱ्या वहीत ‘बेओवुल्फ’, चॉसर आणि मॅलरी. दोन्ही वह्या पाठ होतात आणि परीक्षा संपली की दोन्ही विसरल्या जातात. 1381 साली इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा जॉन बॉल या त्यांच्या पुढारी पाद्र्याने साथीदारांना धाडलेल्या पत्रात पियर्स प्लाउमनचं नाव घेतलं होतं. हा पियर्स म्हणजे त्या वेळी गाजत असलेल्या एका कवितेतला नांगऱ्या. कवितेतला माणूस बंडाच्या निरोपात आला, इतकं त्या काळचं साहित्य घटनांमध्ये गुंतलेलं होतं. म्हणून माझा आग्रह एकाच वहीचा आहे. ती कशी भरायची ते खाली क्रमाने दिलं आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. पाचव्या शतकापासून 1485 पर्यंतच्या या हजारेक वर्षांना सारखा वेळ द्यायचा नाही. निम्मा वेळ एकट्या चौदाव्या शतकाला द्या, तेवढी त्याची लायकी आहे.

पायरी 1 : दहाच सालं पक्की करा

पाठ्यपुस्तकातली सनावळी बाजूला ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर दहा सालं लिहा : 597, 793, 878, 1066, 1170, 1215, 1348, 1381, 1399, 1485. प्रत्येक सालापुढे तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. काय झालं? त्यात कोणाचं काय गेलं? आणि लिहिण्या-वाचण्यावर त्याचा काय परिणाम झाला? तिसरा प्रश्न गाळलात, तर ही पुन्हा नुसती सनावळीच होईल.

597 मध्ये पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टिन केंटमध्ये उतरला. ख्रिस्ती धर्माबरोबर मठ आले, लॅटिन आली आणि पोथ्या लिहिण्याची रीत आली. 793 मध्ये व्हायकिंगांनी लिंडिस्फार्नचा मठ लुटला. मठ लुटला गेला म्हणजे ग्रंथालय आणि शाळा दोन्ही गेल्या, हे ध्यानात घ्या. 878 मध्ये आल्फ्रेड राजाने एडिंग्टनला गुथ्रमच्या डॅनिश सैन्याचा पाडाव केला आणि मग या मोडलेल्या विद्येची डागडुजी हाती घेतली. हंबर नदीच्या दक्षिणेला लॅटिन पत्राचं इंग्रजी करू शकणारी माणसं फारच थोडी उरली आहेत, असं त्याने एका भाषांतराच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. राजाने लिहिलेली ही प्रस्तावना मिळवून वाचाच. इंग्रजी गद्याचा पाया तिथे दिसतो.

1066 या सालातल्या चार तारखा वेगळ्या लिहा. 5 जानेवारीला एडवर्ड द कन्फेसर वारला. 25 सप्टेंबरला नव्या राजा हॅरॉल्डने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला हरवलं. 14 ऑक्टोबरला, म्हणजे तीन आठवडेही व्हायच्या आत, तोच हॅरॉल्ड दक्षिणेत हेस्टिंग्जजवळ नॉर्मंडीच्या विल्यमशी लढताना पडला. नाताळच्या दिवशी विल्यमचा राज्याभिषेक झाला. वीस वर्षांनी, 1086 मध्ये, याच विल्यमने गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या आणि कुळं मोजून घेतली. तोच डूम्सडे दफ्तराचा दस्तऐवज.

1170 म्हणजे आर्चबिशप टॉमस बेकेटचा त्याच्याच कॅथीड्रलमध्ये, कँटरबरीला, 29 डिसेंबरला झालेला खून. 1215 म्हणजे रनीमीडच्या कुरणात जॉन राजाला उमरावांनी मान्य करायला लावलेला मॅग्ना कार्टा. पोपने तो काही आठवड्यांतच रद्द ठरवला होता. पुढच्या राजवटीत तो पुन्हा पुन्हा जारी झाला म्हणूनच टिकला. उत्तरपत्रिकांमध्ये ‘1215 पासून लोकशाही सुरू झाली’ असं वाक्य सर्रास येतं, ते टाळा. उमरावांनी स्वतःच्या हक्कांसाठी केलेला तो करार होता. कायद्याच्या निवाड्याशिवाय कुणाही स्वतंत्र माणसाला डांबायचं नाही, हे त्याचं कलम मात्र खरोखरच मोलाचं. फक्त ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत त्या वेळची वेठीला बांधलेली कुळं बसत नव्हती, हेही शेजारी लिहून ठेवा.

उरलेली चार सालं पुढच्या पायऱ्यांमध्ये येतील.

पायरी 2 : प्रत्येक ग्रंथाची तीन सालं लिहा

या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ग्रंथाचं एकच साल लिहून चालत नाही. गोष्ट कोणत्या काळातली, ती रचली केव्हा आणि हातात आलेली प्रत केव्हाची, अशी तीन सालं लागतात. मराठी वाचकाला हे नवं नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची आणि तिची शुद्ध केलेली प्रत एकनाथांची, 1584 ची, हे आपण शाळेपासून ऐकतो. तीच शिस्त इथे लावा.

‘बेओवुल्फ’ घ्या. 3182 ओळींच्या या काव्यातली माणसं सहाव्या शतकाच्या आसपासच्या डेन्मार्क-स्वीडनमधली आहेत. इंग्लंड त्यात नाहीच. काव्य केव्हा रचलं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही; आठव्या शतकापासून अकराव्याच्या सुरुवातीपर्यंत मतं पसरली आहेत. हस्तलिखित मात्र इसवी सन 1000 च्या आगेमागेचं आणि जगात एकच. 1731 मध्ये लंडनच्या ॲशबर्नम हाउसला आग लागली तेव्हा या पोथीच्या कडा होरपळल्या. पुढे त्या कडा झडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर अक्षरंही गेली. त्याच आगीत ‘माल्डनची लढाई’ या काव्याचं मूळ हस्तलिखित पूर्ण जळालं. आगीआधी कुणी तरी त्याची नक्कल करून ठेवली होती, म्हणून आज ते आपण वाचू शकतो. 991 मध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर बिर्थनॉथ हा सरदार व्हायकिंगांशी लढून पडला, त्याची ही कथा. आधी इतिहासातली माल्डनची लढाई वाचा आणि त्याच दिवशी ही कविता वाचा. हरलेली लढाई कवीने निष्ठेचा गौरव म्हणून कशी मांडली आहे, ते लगेच कळेल.

वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक ग्रंथाला एक ओळ द्या. रकाना रिकामा राहिला तर राहू दे.

पायरी 3 : कोणत्या भाषेत लिहिलं ते आधी पाहा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लिहिण्याच्या भाषा तीन होत्या. चर्च आणि विद्येची भाषा लॅटिन. 1066 नंतर दरबाराची आणि उमरावांची फ्रेंच. आणि जनसामान्यांची इंग्रजी. बीडने आपला इंग्रज लोकांच्या चर्चचा इतिहास 731 मध्ये जॅरोच्या मठात लॅटिनमध्ये पुरा केला. आर्थर राजाची कथा युरोपभर नेणारा मॉनमथचा जॉफ्री 1136 च्या सुमाराला लॅटिनमध्येच लिहीत होता. वेसने तीच कथा 1155 मध्ये फ्रेंच पद्यात आणली आणि लेयमनने साधारण 1200 च्या आसपास इंग्रजीत. एकच कथा सुमारे पाऊण शतकात तीन भाषांतून फिरली. या तीन ग्रंथांचा एक लहानसा तक्ता केलात, तर नॉर्मन काळातली भाषेची उतरंड वेगळी पाठ करावी लागणार नाही.

इंग्रजी मध्यंतरी गडप झाली होती, असं म्हणणं चुकीचं आहे. पीटरबरोच्या मठात इंग्रजी बखर 1154 पर्यंत लिहिली जात होती. स्टीफन आणि मटिल्डा यांच्या गादीच्या भांडणात देश लुटला गेला, त्याची 1137 खालची नोंद अवश्य वाचा. सरदारांनी रयतेकडून वेठीने किल्ले बांधून घेतले, पैशासाठी माणसांना छळलं, आणि ख्रिस्त व त्याचे संत झोपी गेले आहेत असं लोक उघड बोलू लागले, असं त्या जोग्याने लिहिलं आहे. इतकं थेट, इतकं कळवळून लिहिलेलं गद्य त्या शतकात इंग्रजीत दुसरं मला माहीत नाही.

पुढे 1362 च्या कायद्याने कोर्टातले दावे इंग्रजीतूनच चालवायचे असं ठरलं. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. चॉसर तेव्हा ऐन विशीत होता. इंग्रजीत लिहायचं त्याने ठरवलं, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

पायरी 4 : एकच घटना धरा आणि तिच्याभोवतीचं सगळं वाचा

ही पायरी म्हणजे या लेखाचा गाभा. घटना आहे 1348 ची काळी महामारी आणि तिच्या पोटातून निघालेलं 1381 चं बंड. वाचण्याचा क्रम खाली देतो तोच ठेवा.

आधी महामारी. जून 1348 मध्ये ती डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, आजच्या वेमथजवळ, उतरली आणि दीड-दोन वर्षांत देशाची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या घेऊन गेली. गावं ओस पडली, शेतं पडीक राहिली, आणि जे मजूर जगले त्यांची मजुरी वाढली. आजवर बिनबोभाट राबणारा माणूस आता भाव करू लागला.

मग कायदा वाचा. 1349 मध्ये राजाने फर्मान काढलं आणि 1351 मध्ये पार्लमेंटने मजुरांचा कायदा केला. मजुरी महामारीपूर्वीच्या दरावर नेऊन बसवली. गवत कापणाऱ्याला दिवसाला 5 पेन्स, पीक कापणाऱ्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात 2 आणि दुसऱ्या आठवड्यात 3 पेन्स. हे आकडे वहीत टिपून घ्या, लगेच लागणार आहेत.

आता विल्यम लँगलंडच्या ‘पियर्स प्लाउमन’चा सहावा सर्ग उघडा. बी पाठ घ्या. या काव्याचे ए, बी आणि सी असे तीन मुख्य पाठ आहेत. सहाव्या सर्गात पियर्स सगळ्यांना आपल्या अर्ध्या एकराच्या तुकड्यावर कामाला लावतो. काही जण काम टाळतात, तेव्हा तो भुकेला हाक मारतो. भूक येते, माणसं मुकाट्याने कामाला लागतात. पुढे सुगी होते, पोटं भरतात, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे दोन हात सोडून जमीन म्हणून काही नाही ते मजूर कालची शिळी भाजी नाकारतात. त्यांना पेनीची स्वस्त दारू नको, खारवलेलं डुकराचं मांस नको. ताजं मांस किंवा मासळी हवी, तळलेली किंवा भाजलेली, आणि तीही गरमागरम. चढी मजुरी मिळाली नाही तर ते चिडतात, आणि मजुरांना जाचणारे असले कायदे करणाऱ्या राजाला आणि त्याच्या मंडळाला शिव्या देतात.

या जागी थांबा आणि कायद्याचं पान पुन्हा उघडा. लँगलंडला मजुरांचा माज खटकतो. पण भूक म्हणजे काय हेही त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि गरिबाच्या स्वयंपाकघरातलं शेवटचं कच्चं चीज आणि कोंड्याची भाकर त्याने याच सर्गात मोजून दाखवली आहे. तो मजुरांचा आहे की जमीनदारांचा, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. परीक्षेतही देऊ नका.

आता बंड. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी 1380 च्या शेवटी पार्लमेंटने डोईपट्टी बसवली. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे सरासरी 12 पेन्स. वरचा कापणीचा दर आठवा. कायद्याने ठरवलेल्या त्या मजुरीत हे चार ते सहा दिवसांचं राबणं झालं, तेही घरातल्या प्रत्येक माणसामागे. मे 1381 च्या अखेरीला एसेक्समध्ये ठिणगी पडली, पाठोपाठ केंट उठलं. 13 जूनला बंडखोर लंडनमध्ये शिरले आणि राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय राजवाडा त्यांनी जाळला. दुसऱ्या दिवशी आर्चबिशप सडबरीला लंडनच्या टॉवरमधून ओढून काढलं आणि बाहेर टॉवर हिलवर त्याचं मुंडकं उडवलं. 15 जूनला स्मिथफील्डला राजासमोर बंडाचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला. राजा दुसरा रिचर्ड तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता. गावोगाव बंडखोरांनी जमीनदारांची दफ्तरं जाळली, कारण आपण कोणाची कुळं हे त्या कागदांवरूनच ठरतं हे त्यांना नीट माहीत होतं. आडम खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती तेव्हा उमराव कोण होता, हा जॉन बॉलचा प्रश्न याच जूनमधला. 15 जुलैला सेंट ऑल्बन्सला त्याला देहान्त शासन झालं.

बंडाची हकिकत वाचून झाली की ‘पियर्स प्लाउमन’कडे परत या आणि बी व सी पाठ शेजारी ठेवा. बी पाठात पियर्स त्याला मिळालेलं पापाचं क्षमापत्र चिडून फाडतो, हा काव्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. सी पाठात तो नाही. बंडखोरांनी आपल्या नायकाचं नाव उचलल्यानंतर कवी सावध झाला, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं.

शेवटी चॉसर. 1374 पासून 1386 पर्यंत तो लंडनच्या ऑल्डगेट या वेशीवरच्या घरात राहत होता, आणि एसेक्सचे बंडखोर याच वेशीतून शहरात आले. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये बंडाचा थेट उल्लेख मात्र जेमतेम तीन-चार ओळींचा आहे. ‘नन्स प्रीस्ट्स टेल’मध्ये कोल्हा कोंबडा पळवतो आणि सगळं गाव आरडाओरडा करत त्याच्यामागे धावतं. बंडाचा एक पुढारी जॅक स्ट्रॉ आणि त्याची टोळी फ्लेमिश लोकांना मारायला धावली तेव्हासुद्धा एवढी कर्कश आरोळी उठली नव्हती, असं चॉसर तिथे म्हणतो. फ्लँडर्सहून येऊन लंडनमध्ये स्थायिक झालेल्या लोकांची त्या जूनमध्ये खरोखर कत्तल झाली होती. कोंबड्याच्या गोष्टीत ती अशी येऊन जाते. ही ओळ पाठ करा आणि तिच्यावर एक पानभर स्वतःच्या शब्दांत लिहा. तयार नोट्समधून हे साधत नाही.

पायरी 5 : चॉसर मोठ्याने वाचा, आणि जोडी लावून वाचा

‘जनरल प्रोलॉग’च्या पहिल्या अठरा ओळी म्हणजे एकच वाक्य आहे. त्या डोळ्यांनी वाचू नका, उच्चारा. मराठी बोलणाऱ्याला हे सोपं जातं, कारण त्या काळच्या इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या आ, ई, ए, ओ, ऊ यांच्या फार जवळचे होते. पहिल्या दोन ओळी साधारण अशा म्हणता येतील : ‘व्हान दात आप्रील विथ हिस शूरेस सोते, द द्रुख्त ऑफ मार्च हाथ पेर्सेद तो द रोते’. शेवटचा ए पुसट का होईना पण उच्चारायचा, आणि आज मुका झालेला ‘जीएच’ ख सारखा घशातून काढायचा. आठवडाभर रोज अठरा ओळी म्हटल्या की मूळ मजकुराची भीती जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ओळीखाली ओळ असं आधुनिक इंग्रजी रूप फुकट मिळतं. आधी मूळ ओळ, मग खालची, असाच क्रम ठेवा.

हे यात्रेकरू चालले आहेत कुठे? 1170 मध्ये मारल्या गेलेल्या बेकेटच्या समाधीकडे. साउथवर्कच्या टॅबर्ड खाणावळीतून त्यांचा जथा निघतो, दोनशे वर्षांपूर्वीच्या खुनाच्या जागी. पहिल्या पानावरचं साल इथे कामाला येतं.

प्रोलॉग वाचताना प्रत्येक पात्राची जोडी बाहेर शोधा. एक नमुना देतो. ‘पियर्स प्लाउमन’च्या सुरुवातीला गावचे पाद्री बिशपकडे कैफियत मांडतात, की महामारीपासून आमची गावं गरीब झाली आहेत, आम्हाला लंडनला राहायची परवानगी द्या. लंडनला श्रीमंतांच्या पितरांसाठी प्रार्थना म्हणायच्या आणि पैसे घ्यायचे, हा त्यामागचा बेत. आता चॉसरचा गरीब पाद्री पाहा. त्याची थोरवी सांगताना चॉसर म्हणतो, की याने आपली मेंढरं चिखलात रुतलेली टाकून लंडनला सेंट पॉल्सकडे धाव घेतली नाही. एकाने जी तक्रार केली, तीच दुसऱ्याने स्तुतीत उलटी वळवून मांडली. महामारीनंतरचं रिकामं झालेलं गाव या दोन उताऱ्यांच्या मधोमध दिसतं. वैद्याच्या वर्णनातही महामारी आहे. साथीत कमावलेले पैसे त्याने जपून ठेवले आहेत. ‘पार्डनर्स टेल’मध्ये तर मृत्यू साथीचं रूप घेऊन हजार माणसं मारून गेलेला आहे आणि तीन दारुडे त्याला शोधायला निघतात.

सगळ्या चोवीस कथा वाचायची गरज नाही. ‘नन्स प्रीस्ट’, ‘पार्डनर’, ‘वाइफ ऑफ बाथ’ची प्रस्तावना आणि ‘मिलर’, एवढं पुरे. वेळ उरला तर ‘नाइट्स टेल’.

पायरी 6 : दरबाराबाहेरचे आवाज

अभ्यासक्रम इथे फार घाई करतो. नॉरिचची ज्युलियन 1373 मध्ये, तीस वर्षांची असताना, मरणाच्या दारी पोचली आणि तिला साक्षात्कार झाले. इंग्रजीत पुस्तक लिहिलेली पहिली ज्ञात स्त्री ती. लिनची मार्जरी केंप चौदा मुलांची आई. तिने सांगितलेलं आत्मचरित्र 1430 च्या दशकात लिहून घेतलं गेलं, आणि त्याचं पूर्ण हस्तलिखित थेट 1934 मध्ये सापडलं. केंप ज्युलियनला भेटायला गेली होती. तेवढा प्रसंग तरी वाचाच.

यॉर्कची नाटकंही घ्या. शहरातले कारागीर संघ बायबलमधले प्रसंग गाड्यांवर सादर करत. नोआची नौका बांधण्याचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटच्या भोजनाचा पाव भाजणाऱ्यांकडे. नाटक कोणी केलं हे कळलं की नाटकातले शब्द वेगळे ऐकू येतात.

पायरी 7 : शेवट 1399 पासून उलगडा

1399 मध्ये दुसऱ्या रिचर्डला गादीवरून उतरवून चौथा हेन्री आला, आणि गादी काढून घेता येते हे सगळ्यांना कळलं. पुढच्या शतकातल्या यॉर्क-लँकेस्टर झगड्याचं मूळ इथे आहे. या भागासाठी शेक्सपियरची ऐतिहासिक नाटकं पुरावा म्हणून वापरू नका. ती ट्यूडर काळात, शतक-दोन शतकांनंतर लिहिली गेली. त्यापेक्षा नॉरफकच्या पॅस्टन घराण्याची पत्रं वाचा. त्यांत वेढा पडलेलं घर आहे, लग्नाच्या बोलणी आहेत आणि वाणसामानाच्या याद्याही आहेत.

मग सर टॉमस मॅलरी. त्याने आर्थरची कथा कैदेत असताना 1469-70 मध्ये पुरी केली, म्हणजे याच झगड्यातल्या 1461 च्या टॉवटनच्या भयंकर लढाईला दशकही उलटलं नव्हतं. तीन सालांचा रकाना भरा : गोष्टीचा काळ दंतकथेतला, रचना 1469-70, आणि विल्यम कॅक्स्टनच्या वेस्टमिन्स्टरच्या छापखान्यातलं पुस्तक 31 जुलै 1485 चं. तीन आठवड्यांनी, 22 ऑगस्टला, बॉस्वर्थला तिसरा रिचर्ड पडला आणि ट्यूडर आले. मॅलरीच्या ग्रंथाचं हस्तलिखित विंचेस्टरला 1934 मध्ये सापडलं आणि कॅक्स्टनने मजकुरात कुठे कुठे हात घातला होता ते उघड झालं. म्हणून आवृत्ती घेताना ती विंचेस्टर हस्तलिखितावरची आहे की कॅक्स्टनची, हे मुखपृष्ठाआड पाहून घ्या. वेळ कमी असेल तर फक्त शेवटचे दोन भाग वाचा. आपल्या राजाविरुद्ध, आर्थरवर उलटलेल्या मॉर्ड्रेडच्या बाजूला गेलेल्या लोकांवर मॅलरी तिथे कथा थांबवून थेट बोलतो. आपल्या देशाची ही जुनी खोड आहे, आपल्याला कशाचंच फार काळ समाधान नसतं, असं तो इंग्रजांना सुनावतो. त्या परिच्छेदाच्या समासात 1399, 1461 आणि 1485 ही तीन सालं लिहा.